धुतलेली शाल

३ जून
आज रुजू झाले. खोली छान आहे. पूर्वेला मोठी खिडकी, चोवीस तास पाणी. सव्वीस वर्षं मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर होते, त्यामानाने एका मुलावर देखरेख म्हणजे सुट्टीच. मुलगा अध्यक्षांचा धाकटा, वय तेवीस, ओमेगा; म्हणजे ज्याच्या अंगचा गंध जोडीदाराला बांधून ठेवतो. शत्रुपक्षाच्या सेनापतींची मुलगी अल्फा आहे, म्हणजे तशा गंधाने बांधली जाणारी; तिच्याशी त्याचं लग्न ठरलंय. दोन्ही पक्षांचा तह त्यावर उभा आहे. समोरच्या आवारात आठ मजली यंत्र आहे, माणसाच्या घडणीचं. ते ती चालवते. जोडीदाराचा गंध नसला की तिचं चित्त थाऱ्यावर राहत नाही म्हणे. म्हणून मुलाने दिवसभर पांघरलेली शाल रोज संध्याकाळी यंत्राच्या छातीतल्या खणात ठेवायची. मी बीटा, या दोन्हींत न मोडणारी; मला त्या गंधातलं ओ की ठो कळत नाही. नेमणूक त्यासाठीच.

५ जून
मुलगा गुणी आहे. अंथरूण स्वतः आवरतो, मला मावशी म्हणतो. शालीच्या घडीत चिठ्ठी लपवताना पकडला. चार महिने तिची भेट नाही; सह्या होईपर्यंत मनाई आहे. नियम म्हणजे नियम, असं सुनावलं आणि चिठ्ठी जाऊ दिली. यंत्राची देखभाल करणाऱ्या मिस्त्रीच्या जिभेला हाड नाही. म्हणाला, बाई, तुम्ही आल्यापासून आमचं यंत्रसुद्धा पोक न काढता उभं राहतं.

८ जून
शाल फार कळकट झाली होती. साबणाने धुतली, इस्त्री केली. काठ उसवला होता, दुपारभर मांडीवर घेऊन शिवला आणि तशीच नेऊन ठेवली. नवऱ्या मुलीकडे मळकं कापड कसं पाठवायचं?

९ जून
यंत्राने मान वळवली आहे. तोंड माझ्या खिडकीकडे. मिस्त्रीला विचारलं. शाल धुतली म्हटल्यावर तो खालीच बसला. थट्टा केली नाही. म्हणाला, त्याचा गंध धुऊन गेला, आता कापडाला तुमचाच लागलाय.

११ जून
मिस्त्रीने सांगितलं. मुलगी फेब्रुवारीतच गेली, आसनावर बसल्या बसल्या. तिला बाहेर काढून पुरलं. यंत्र थांबलं नाही. शाल ठेवली की उठतं, आवारापुरतं चालतं, सलामी देतं. आवाराबाहेर जायचं तर आत जिवंत माणूस लागतं. दोन्ही पक्षांना ठाऊक आहे, तह हवा म्हणून सगळे गप्प. पंधराला सह्या, आणि मिरवणुकीसाठी मुलाला आत बसवायचं ठरलंय. आत गेलेलं माणूस आता जिवंत परत निघत नाही, असं मिस्त्री जमिनीकडे बघत म्हणाला.
मी चहा संपवला. कप विसळून ठेवला.

१२ जून
मुलाला सांगितलं. त्याचा विश्वास नाही. परत आलेल्या शालीच्या घडीत तिची उत्तरं येतात म्हणाला, आणि दाखवली. सगळे कागद कोरे. तो नाकाशी धरून वाचतो. लवकर ये, असं लिहिलंय म्हणे.

१३ जून
अध्यक्षांना भेटले. बाप म्हणून काय वाटतं ते विचारलं. त्यांनी घड्याळ पाहिलं.
यंत्र पुढे सरकलंय. खिडकीत आता त्याची छातीच दिसते.

१४ जून
डाव्या हाताची बोटं बधिर. भीती वाटत नाही, काहीच वाटत नाही. मुलाची शाल यंत्राने बाहेर टाकली. माझा रुमाल ठेवला, तर उठलं. म्हणजे माझ्यावर भागेल. मिस्त्री नको म्हणाला. त्याला गाडी तयार ठेवायला सांगितलं.

१५ जून
मुलाला मिस्त्रीबरोबर मागच्या फाटकाने काढून दिलं. ती गावाबाहेर तुला घ्यायला येणार आहे, असं सांगितलं. पहिल्यांदा एवढं खोटं बोलले. रीतीप्रमाणे ओमेगाचा चेहरा झाकलेला असतो. शाल ओढून मीच शिडी चढले.

बसले. पट्टे आपोआप आवळले. वही मांडीवर आहे. शेजारचं आसन रिकामं, पण गादी दबलेली—

खाली टाळ्या. सह्या झाल्या असाव्यात. सलामी. माझा डावा हात वर गेला, मी उचलला नाही—

मिरवणुकीचा रस्ता सोडलाय. मागचं फाटक मोडलं. थांब म्हणतेय. पाय माझेच चालतायत—

त्याला शोधतंय. मी नको होते. फक्त बाहेर पडायला जिवंत माणूस हवं होतं—

मिस्त्रीची गाडी. वाकतोय आम्ही. हात पुढे— मुलगा काचेतून वर बघतोय. पळ म्हणतेय, ऐकू जात नाही. तो हसतोय, दार उघडून स्वतःच तळहातावर