कान कापलेलं पिल्लू

आबा, तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली आणि आज मला तुमचा राग आलाय. माझ्या मुलानं देवपूरच्या घरी कुत्र्याचं पिल्लू आणलंय. आधीची आमची कुत्री चैत्रात गेली. बारा वर्षं माझ्या पायाशी झोपायची. तिच्या जागेवर परवा हे येऊन मुतलं, तेव्हा मी पायातली चप्पल काढून हाणली. एवढं केकाटलं की शेजारच्या दोघी दारात आल्या. मला काहीच वाटलं नाही. वाटलं नाही याचं नंतर वाईट वाटलं, आणि तुम्ही आठवलात.

मी नऊ वर्षांची आहे. केळीच्या बागेतलं आपलं म्हातारं कुत्रं साप चावून मेलंय, तुम्ही त्याला बांधाला पुरलंय आणि मी तीन दिवस धड जेवलेली नाही. चौथ्या दिवशी तुम्ही सातपुड्याच्या पायथ्याच्या एका पाड्यावरून पिशवीत घालून पिल्लू आणता. मला वाटतं, माझ्यासाठीच आणलं. तुम्ही केळीची पानं कापायचा विळा दगडावर घासता नि म्हणता, "धर त्याले. घट्ट धर." पिल्लाचे कान कापून भाकरीतून त्यालाच खाऊ घातले की कुत्रं कडवं निघतं, ही आपल्याकडची समजूत. चुलीपाशी बसलेली आई म्हणते, "पोरीले कायले धरायले लावता?" तुम्ही म्हणता, "तिचंच कुत्रं हाये. तिनंच धरलं पाह्यजे." मी धरलं. तुम्ही जखमेवर चुलीतली राख दाबलीत. भाकरीचा तुकडाही माझ्याच हातानं भरवलात, आणि दिवसभर उपाशी असलेल्या त्या जिवानं तो शेपटी हलवत खाल्ला.

मी रडले नाही म्हणून तुम्ही माझी पाठ थोपटलीत. रडणार कशी? मला बरं वाटत होतं. माझं कुत्रं मेलं नि हे जिवंत, मग भोगू दे की. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तुम्हाला पोचायचं नाही म्हणूनच लिहितेय. पुढे ते कुत्रं खरंच कडवं निघालं, साऱ्या शिवारात त्याचा दरारा होता, नि तुम्ही मिशीतल्या मिशीत हसायचात. मी तुमचा डबा घेऊन आले की मात्र ते शेपूट पायात घालून केळीत घुसायचं. तुम्ही म्हणायचात, मालकीण ओळखतं. इतकं कसं कळत नव्हतं आबा तुम्हाला?

परवाचं ते केकाटणं ऐकून मुलगा म्हणाला, "आई, तुला नाही जमायचं. एखाद दिवशी जीव घेशील त्याचा." एरंडोलचं एक कुटुंब त्याला न्यायला येणार असं ठरलं. आज सकाळी ते आले. चांगली माणसं, येताना नवा पट्टासुद्धा घेऊन आलेली. पट्टा बघून पिल्लू बिथरलं, घरभर पळालं आणि माझ्या साडीमागे येऊन दडलं. जिव्हाळ्यानं वगैरे नाही हो, दारापासून सगळ्यात लांब मीच उभी होते. पोटरीला त्याचं थरथरतं अंग लागत होतं. मी हात खाली नेला, तर मार बसणार म्हणून त्यानं डोळे मिटले. पण हललं नाही.

"हे चावतं," मी त्या माणसांना सांगितलं. "कालच मला चावलंय." मुलगा माझ्याकडे बघतच राहिला. ती माणसं चहा न घेताच गेली. चावलं नव्हतं, आबा. मी इतकं करूनही ते मला एकदासुद्धा चावलेलं नाही.