देवमाशांच्या जहाजावरचा एक शब्द

मे, मंगळवार. संध्याकाळ.

उत्तर ध्रुवाजवळ देवमासे मारणाऱ्या जुन्या जहाजांच्या इंग्रजी नोंदवह्या आम्ही स्वयंसेवक संगणकावर उतरवतो, जुनं हवामान कळावं म्हणून. त्यातला एक शब्द दोघांनी 'वाचता येत नाही' म्हणून सोडला होता. मी त्याच हस्ताक्षरातली मागची पानं पुन्हा पुन्हा पाहिली. 'आइस'! बर्फच. गारठ्यानं बोटं आखडली असतील का लिहिणाऱ्याची? आज हे काम पाहणाऱ्या शास्त्रज्ञबाईंचं उत्तर आलं, माझं वाचन बरोबर. नाहीतर तिथला बर्फ नोंदीतून सुटलाच असता.

"काहून वं, एकटीच हसून राहिली?" ह्यांनी विचारलं. सांगितलं. ह्यांनी चक्क कूलर बंद करून ऐकलं आणि कामठीला धाकट्या दिराला फोन लावला. "आयक गा, तुह्या वहिनीनं उत्तर ध्रुवाजवळचा बर्फ शोधला!"

शोधला कुठे, नुसता वाचला. पण मी त्यांना अडवलं नाही.