तीन बुरुज, माणसं दोनांपुरती

१४ सप्टेंबर २००७, शुक्रवार

फोन नाही.

मस्कतला शुक्रवारी सुट्टी असते. म्हणजे प्रितेशला सबब नाही. सकाळपासून मोबाईल हातात घेऊन घरभर फिरतेय. उद्या गणपती, खाली सासूबाईंना — आक्कांना — मखरासाठी थर्माकोल हवाय, आणि मी वरच्या खोलीत टेबलासमोर उभी. "त्या किल्ल्याचा एक तट काढून दे गो," म्हणाल्या. देणार नाही.

डाव अडलाय. लिहून काढते, निदान डोक्यातून तरी जाईल. टेबलावर वसईचा वेढा, १७३९ सालचा. किल्ला गोडाऊनमधून आणलेल्या पॅकिंगच्या थर्माकोलचा. आत माझे फिरंगी, बाहेर त्याचे मराठे. बोटाच्या पेराएवढी प्लास्टिकची माणसं, पण मिशीपासून बटणापर्यंत सगळं आम्ही दोघांनी रंगवलेलं. लग्न झालं त्या वर्षी प्रितेशनेच मला शून्य नंबरचा ब्रश धरायला शिकवलं. तेव्हा मला हसू आलं होतं — घोड्यासारखा माणूस आणि बाहुल्या रंगवतो! मग त्याला तिकडे स्टोअरकीपरची नोकरी लागली, आणि डाव फोनवर सुरू राहिला. तो चाल सांगतो, मी त्याची माणसं सरकवते. त्याचे फासेही मीच टाकते. खोटा फासा एकदाही टाकलेला नाही.

मे महिन्यात म्हणाला, "सुरुंग लावलाय. कुठल्या बुरुजाखाली ते नाही सांगणार. वेळ आली की सांगेन." आणि हसला.

तेव्हापासून मला चैन नाही. सुरुंग उडाला की त्या बुरुजावरची सगळी माणसं गेली. बुरुज रिकामा ठेवावा, तर शिड्या लावून वर येतील. बुरुज तीन — खिडकीकडचा, कपाटाकडचा, दाराकडचा. माझी माणसं दोनांपुरती. पोळ्या लाटताना, कपडे वाळत घालताना तीच माणसं मनातल्या मनात इकडून तिकडे हलवत असते.

२१ सप्टेंबर

फोन आला! पण माझ्या दिराच्या, भाविक भावोजींच्या मोबाईलवर. आक्कांचे गुडघे झाले, भावोजींच्या नव्या टेम्पोची चौकशी झाली, मग मी. "पुढच्या शुक्रवारी निवांत डाव घेऊ. आता फोनचं कार्ड संपत आलंय," म्हणाला.

आक्कांच्या गुडघ्यांशी माझं काही वैर नाही. पण कार्ड तिथेच संपलं.

२८ सप्टेंबर

नाही.

३ ऑक्टोबर

भावोजी जेवताना म्हणाले, "वहिनी, वरची खोली भाड्यानं देऊया का? राहनाळात आता गोडाऊनवाल्यांना खोल्या मिळत न्हायत. दादा बोलला, वहिनीला विचार."

वहिनीला विचार! म्हणजे तो नाही म्हणाला नाही.

मी म्हटलं, डाव संपल्याशिवाय नाही. आक्का म्हणाल्या, "दोन वरसं झाली गो, अजून तुमचा किल्ला पडत न्हाय?" भावोजी हसले. मीही हसले, आणि वर येऊन एका फिरंग्याचे मोजे तीनदा रंगवले. तीनदाही बिघडले. रागात पांढरा रंग हातात घेऊच नये.

१५ ऑक्टोबर

ईद झाली. पलीकडच्या शेडमधले लूम, कापडाचे माग, बंद आहेत. एरवी त्या खटखटीला शिव्या घालतो, आज ती नाही तर दुपारी डोळाही लागला नाही. तिकडेही ईदची सुट्टी असणार. नुसता शुक्रवारच नाही, शनिवार-रविवारसुद्धा.

दोन मिस्ड कॉल दिले. दुसरा देताना स्वतःचाच राग आला. नवऱ्याला चाल विचारायला मिस्ड कॉल द्यावा लागतो!

२८ ऑक्टोबर, रविवार

समोरची निशा वर आली होती. पूर्णा गावातल्या गोडाऊनमध्ये कॉम्प्युटरवर बसते, रविवारी मोकळी असते. टेबलाभोवती दोनदा फिरली. मराठ्यांच्या पगड्या पाहून विचारलं, एवढं बारीक कापड कुठे मिळतं? कापड नाही, लूमचं टाकाऊ सूत आहे. एकच धागा डोक्याला गुंडाळायचा, फेविकॉल लावायचा, वाळला की रंगवायचा. परदेशी खोक्यांत मराठे मिळत नाहीत. प्रितेश खोक्यांतल्या तुर्क सैनिकांना तासून मराठे करायचा. पगडी त्याच्यासारखी कोणालाच जमत नाही, मला तर नाहीच.

निशा म्हणाली, "म्हणजे दोघांच्या बाजूनं तूच खेळतेस? मग हरतं कोण?"

मी म्हटलं, चालतो तोच, मी फक्त हलवते.

"मग तो चालत का नाही?"

तिला चहा दिला आणि विषय बदलला. फार तोंडाळ आहे.

२ नोव्हेंबर

फोन आला, आणि माझ्याच मोबाईलवर! आवाज घाईत होता. "डिसेंबरमध्ये सुट्टी मिळेल बहुतेक." मी विचारलं, मग सुरुंग समोरासमोरच उडवणार का? तेवढ्यात लाईन गेली.

डिसेंबर! सगळ्या मराठ्यांवरची धूळ कोरड्या ब्रशने झाडली. एका घोड्याचं शेपूट पुन्हा रंगवलं. आक्कांनाही हाक मारून दाखवलं. कधी नव्हे ते चष्मा लावून बघितलं त्यांनी, आणि म्हणाल्या, "आपले मावले बरे दिसतान. ते लालतोंडे नको."

१० नोव्हेंबर, पाडवा

उद्या भाऊबीज. आज दुपारीच अकलोलीला माहेरी निघाले. आई म्हणते दोन दिवस राहा, गरम पाण्याच्या कुंडात पाय सोडून बस, चेहरा बघ कसा झालाय. बघू. मोबाईलला तिकडे रेंज येते का, हीच काळजी.

१३ नोव्हेंबर

लिहवत नाही. तरी लिहिते.

अकलोलीहून आले, पिशवी खाली ठेवली आणि आधी वर गेले. किल्ला होता. आत माझे फिरंगी होते. बाहेर कोणी नव्हतं. एकही मराठा नाही. खंदकाशी दोन शिड्या तेवढ्या पडल्या होत्या.

आक्कांनी दिले. गल्लीतल्या पोरांनी अंगणात दिवाळीचा किल्ला केला होता, मातीचा, वर अळीव पेरलेला, आणि त्यांच्याकडे एकही धड मावळा नव्हता. "वर तर नुसते उभे हायेत. दिवाली काय मावल्यांबिगर जाऊ द्यायची? फिरंगी न्हाय दिले हां, आपलेच दिले." स्वतःच्या हाताने मांडले म्हणे. शेजारच्या धोंडूबाई बघायला आल्या, कौतुक करून गेल्या. आणि भाऊबीज झाल्यावर पोरांनी किल्ला उडवला. दरवर्षी उडवतात. सुतळी बॉम्ब लावून. आक्का टाळ्या वाजवत बघत होत्या, माणसं आधी काढून घ्यायची असतात हे त्यांना सुचलंही नाही. त्यांच्या लेखी किल्ल्यावरचा मावळा हा किल्ल्याबरोबरच जायचा.

त्याच्या सुरुंगाच्या धाकात मी सहा महिने काढले, आणि उडाले त्याचेच लोक.

मातीत हात घालून शोधले. काही मिळाले. कोणाचा हात नाही, कोणी वितळून घोड्याला चिकटलेला. आक्का शेजारी उभ्या होत्या. म्हणाल्या, "मना काय ठाव गो? खेलनीच ना ती?" त्यांचा आवाज पडला होता. मी ओरडले नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं.

१४ नोव्हेंबर

मिळाले तेवढे वर आणून कागदावर मांडले.

१९ नोव्हेंबर

मुंबईला जाऊन खोकी विकणाऱ्या दुकानदाराकडे होते नव्हते तेवढे तुर्क घेऊन आले. साबणाच्या पाण्यात धुतले — नाहीतर रंग धरत नाही — तासले, आधी काळ्या रंगाचा एक हात मारला. दिवसभर तेच. भात लागला, भावोजींनी तसाच खाल्ला. प्रितेश यायच्या आत सगळे उभे राहायला हवेत.

पगड्या जमत नाहीत. त्याच्या पगडीचा शेवट डाव्या कानामागे जायचा, माझा कपाळावर येतो. बघितल्याबरोबर ओळखेल. ओळखेल, आणि मग काय सांगू? तुझ्या आईने दिले म्हणू? की माझं लक्ष नव्हतं म्हणू?

आक्का वर आल्या, शेजारी बसल्या आणि सुताचा गुंता सोडवून एकेक धागा मला देत राहिल्या.

२३ नोव्हेंबर, शुक्रवार

फोन वाजला. त्याचाच नंबर. हातात अर्धा रंगवलेला मराठा होता. उचलला नाही. सप्टेंबरपासून ज्याची वाट बघतेय तो फोन वाजू दिला आणि बंद होईपर्यंत बघत बसले. माझं डोकं ठिकाणावर नाही.

३० नोव्हेंबर, शुक्रवार

आज उचलला.

श्वास न घेता सांगून टाकलं. तुझे मराठे गेले, दिवाळीच्या किल्ल्यात उडाले, नवे केलेत पण पगड्या तुझ्यासारख्या नाहीत, आक्कांना बोलू नकोस. मला वाटलं, आता चिडणार. चिडलेला चालला असता. मग म्हणाला, "अगं, एवढंच ना? मला वाटलं घरात काय झालं." सुट्टीचं म्हणाला, डिसेंबरमध्ये नाही जमणार, कंपनीने करार वाढवलाय, अजून दोन वर्षं. त्याने सही केली. विचारायचं राहून गेलं म्हणे, घाई होती.

मला रडू यायला हवं होतं. मी विचारलं, "मग आता तरी सांग, सुरुंग कुठल्या बुरुजाखाली आहे?"

"कसला सुरुंग?"

मी समजावलं. मे महिना. वसई. तुझा सुरुंग. तो हसला, पण तेव्हासारखा नाही, एखाद्या लहान मुलीशी बोलताना हसतात तसा. "ते अजून मांडून ठेवलंयस? आक्काला दे जरा फोन."

फोन आक्कांना दिला.

२ डिसेंबर, रविवार

आक्कांना सांगितलं, खोली भाड्याने द्यायची नाही. "त्यो येनार हाय का?" नाही, म्हटलं. तरी नाही. त्या जिन्यातून बाजूला झाल्या.

दुपारी निशाला वर बोलावलं. फासे तिच्या हातात दिले. नवे मराठे आजपासून तुझे, म्हटलं, आणि नियम सांगितले, सुरुंगाचासुद्धा. तिने वाकून तिन्ही बुरुज नीट पाहिले, बराच वेळ. मग म्हणाली, "लावला. कुठे ते विचारू नकोस."

मी दाराकडचा बुरुज रिकामा केला.