टायर ठरेपर्यंत

४ जानेवारी

मागचा टायर गेला म्हणे! गेला म्हणजे फुटला नाही — झिजला. आज ह्यांनी सगळी सकाळ शेडमध्ये स्टूल टाकून त्या मोटरसायकलीपाशी घालवली. टायरवरून तळहात फिरवत होते, पाळण्यातल्या पोराच्या पाठीवरून फिरवावा तसा. सरळ रस्त्यावर पळून पळून मधोमध सपाट झालाय, कडा मात्र अजून गोल आहेत. पुढचाही बदलायचा, टायर जोडीनंच बदलतात, असं म्हणाले.

मी चहा घेऊन गेले. कप पुढे केला, तो दिसलाच नाही. डावीकडे उभी होते ना. मी खाकरले तेव्हा वळले.

"अगं, बोलत जा की! चोरासारखी काय येतेस?"

हसले. मीही हसले. आत येऊन देवासमोर बसले आणि वात किती वेळ वळत होते कोण जाणे. दिवा लावायचाच राहिला.

५ जानेवारी

इथे तरी लिहिते, नाहीतर छाती फुटेल.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी त्या दिवशी तपासणी झाल्यावर मला आणि लेकीला आत बोलावलं होतं. हे बाहेर बाकावर, डोळ्यांत थेंब घालून मिटून बसलेले. काचबिंदू. नस सुकलीय म्हणाल्या. डावा डोळा जवळजवळ संपला, उजव्याला मधलं तेवढं दिसतं, तेही कमी होत जाणार. "गेलेली नजर परत येत नाही हो. उरलीय ती थेंबांनी धरून ठेवायची. गाडी मात्र आता कधीच नाही."

लेकीनं त्यांना हात जोडले. बाबांना एवढ्यात नका सांगू, आधी मनाची तयारी करू द्या. त्या कबूल झाल्या. ह्यांना एवढंच सांगितलं — थेंब चालू ठेवा, गाडीला हात लावू नका, मार्चमध्ये पुन्हा बघू.

"पुन्हा बघू" एवढंच ह्यांनी धरून ठेवलं! मार्चमध्ये तपासणी, एप्रिलमध्ये गाडी बाहेर, डोंगरापलीकडच्या तळ्यावर जायचं, मी मागे, दोन्ही बाजूंना पेट्या. सगळं ठरवून मोकळे. म्हणून टायर.

मनाची तयारी कोण करणार होतं? मी. आणि मी चहा करते.

८ जानेवारी

गाडीला मी सवत म्हणते. हे पाणीपुरवठ्याच्या ऑफिसातून निवृत्त झाले आणि आलेल्या पैशातून ही आणून दारात उभी केली. केवढी थोरली! लांब पल्ल्याची आणि वर वेगाची. लोक ह्या वयात गुडघे बदलून घेतात, ह्यांनी गाडी घेतली. मी ओवाळलं नाही, रागावले नाही, एकच विचारलं — "टिकेल किती?"

त्यावरून अजून चिडवतात. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, "आमच्या हिला देव प्रसन्न झाला तर ही त्यालाही आधी विचारेल, वर टिकेल किती?" जावई पहिल्यांदा घरी आले तेव्हा मी त्यांच्या नोकरीबद्दल तेच विचारलं होतं. लेक आठवडाभर बोलली नव्हती.

विचारते, मग? कुकरची रिंग असो की पायपुसणं. न टिकणारी वस्तू स्वस्त पडत नाही.

११ जानेवारी

नवं काम लागलंय मला! संध्याकाळी दिवा लावला की मोबाइल घेऊन बसायचं आणि टायरबद्दल लोकांनी लिहिलेलं ह्यांना वाचून दाखवायचं. माझं इंग्रजी मॅट्रिकचं. अडखळते. हे डोळे मिटून ऐकतात. अक्षरांनी डोकं दुखतं, तू वाचलंस की बरं पडतं, असं म्हणतात. मी बरं म्हणते.

कंपाउंड म्हणजे भिंत एवढंच मला ठाऊक. तर टायरलाही कंपाउंड! म्हणजे रबराचं मिश्रण. मध्ये कडक, कडेला मऊ. सरळ पळताना कडक रबर झिजत नाही, वळणावर गाडी कलली की मऊ रबर रस्ता धरतं.

"तुमच्या उलट आहे म्हणजे," मी म्हटलं. "तुम्ही कडेनं कडक, मध्ये मऊ."

खो खो हसले. कितीतरी दिवसांनी.

एकानं लिहिलंय, ह्या टायरवर बायकोला मागे बसवून तो अख्खा घाट उतरला आणि ती मागे चक्क झोपली होती!

"तू नाही झोपलीस कधी."

"मी जप करायचे."

"माहितीय. हेल्मेटमधून ऐकू यायचा. वळण आलं की वाढायचा."

१२ जानेवारी

आज पुन्हा वाचन. दोन टायर आवडले, एक नावडला. नावडलेल्यावर ह्यांनी अर्धा तास भाषण दिलं. मी भाजी निवडली.

१५ जानेवारी

लेकीचा फोन. हे आंघोळीला गेले होते तेवढ्यात बोलून घेतलं.

"आई, टायर? वेडबीड लागलंय का तुला? तुझ्या जावयांनी गिऱ्हाईक बघितलंय गाडीला. चांगला माणूस आहे. टायर कशाला, तो आहे तशी नेईल."

"बाबांना काय सांगू?"

"तू सांगायचंस ना आतापर्यंत! त्यासाठीच थांबलो होतो आपण."

"मार्चपर्यंत..."

"मार्चमध्ये काय होणारे, आई?" आणि मग रडायलाच लागली. मी इकडे, ती तिकडे. फोनचे पैसे जातात म्हणून शेवटी मीच ठेवला. खोटं कशाला लिहू — पैशांसाठी नाही ठेवला.

तिला कसं सांगू! मला एवढंच समजतं की टायर ठरत नाहीत तोवर ह्यांचे डोळे बरे होणार आहेत. ठरले की बसतील. बसले की मार्च येईल.

१६ जानेवारी

देवा, मी तुझ्यासमोर खोटं बोलत नाही. त्यांच्यासमोर बोलते. तू तेवढं वेगळं धर.

२० जानेवारी

दाराच्या चौकटीला डावा खांदा लागला आज. पुन्हा. मी ओट्यापाशीच थांबले, धावले नाही. धावलं की त्यांना कळतं.

दुपारी मधल्या वाटेतली तिपाई उचलून भिंतीशी लावली. "घर मोकळं वाटतंय," म्हणाले. बाहेर जाताना मी त्यांचा हात धरते आणि म्हणते गुडघा दुखतो. त्यांना वाटतं मला आधार देतायत. पायरी आली की मी "आई गं, पायरी!" असं माझ्यासाठी म्हणते.

आणखी एक लिहायचं आहे. कुणाला सांगितलेलं नाही. मला त्या गाडीवर मागे बसायला आवडायचं. ह्यांना वाटतं मी त्यांच्या हौसेखातर यायचे, जीव मुठीत धरून. धरायचेच! पण वळण आलं की दोघं एकदम एका बाजूला कलायचो ना — ते. एका वेळी, एका बाजूला, न भांडता असं दुसरं काहीच केलं नाही आम्ही संसारात. भाजी कुठली आणायची ह्यावर एकमत नाही, पण वळणावर कधी चूक झाली नाही.

तळ्यावर मलाही जायचं होतं.

२५ जानेवारी

गेलो एकदाचे टायरच्या दुकानात. बसनं. मी आणखी लांबवणार होते, पण आज सकाळी शर्टाची बटणं लावून, केस विंचरून दारात उभेच राहिले. नवरदेव!

दुकानात आत शिरलं की रबराचा वास घशाशी येतो. भिंतीवर खालपासून वरपर्यंत टायर. टायरवाला गुटगुटीत, कानामागे पेन्सिल, बोलका.

"गाडी कोण चालवतं?"

"मी," हे म्हणाले. ताठ.

"एकटे फिरता की दोघं?"

"दोघं. आणि पेट्या. लांबचं आहे."

त्यानं दोन टायर काढले. ह्यांनी स्टुलावर बसून एकेक मांडीवर घेतला, बोटांनी नक्षी चाचपली. टायरवाला पहिल्याकडे बोट दाखवून म्हणाला, "हा म्हणजे बैल. मरेपर्यंत ओढेल. आणि हा दुसरा पालीसारखा आहे साहेब, ओल्या रस्त्याला चिकटतो. वळणात जाऊन बघा, सुख आहे. पण झिजतो भसाभस."

दुसरा मांडीवर होता तेव्हा ह्यांचा चेहरा — काय लिहू. लेक झाली तेव्हा पहिल्यांदा हातात घेतली होती तसा.

मग मोठ्यानं म्हणाले, "झालं! आता आमच्या हिच्यापुढे ह्या पालीचा काय निभाव लागणार! बांधा तुमचा बैल." आणि टायरवाला खांबापाशी उभा होता तिकडे हसत बघत राहिले. पण तो तिथून केव्हाच हलला होता, मागे पावतीपुस्तक शोधत होता. हे खांबाकडे बघून हसत होते.

टायरवाल्यानं ते पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी नुसते हात जोडले. भला माणूस. हळूच पुन्हा खांबापाशी येऊन उभा राहिला आणि तिथून म्हणाला, "वहिनी म्हणतील तसं, साहेब."

"हा दुसरा द्या," मी म्हटलं.

"अगं?"

"तुम्हाला आवडला ना? मग तोच."

ह्यांनी मान वर केली. किल्लीच्या भोकातून बघतात तसं बघतात हल्ली, एका जागी धरून. माझ्या चेहऱ्यावर बराच वेळ धरलं. मग म्हणाले, "बरं."

आमच्या गाडीच्या मापाची जोडी मागवायला लागेल, आली की माणूस पाठवून गाडी नेतो, असं ठरलं.

बसमध्ये डोळे मिटून बसले. दमले असतील. मला मात्र बरं वाटलं. आयुष्यात एकदा तरी त्यांच्या मनाचं झालं!

२६ जानेवारी

हिशेब लिहायला बसले. टायर कुठल्या खात्यात टाकायचे? 'औषधं'मध्ये टाकले.

२९ जानेवारी

संध्याकाळी दिवा लावून उठते तर खुर्ची ओढून बसलेले.

"वाच."

"अहो, आता काय वाचू? ठरलं की!"

"ठरलं म्हणून काय झालं. वाच."

वाचलं. तेच ते, आधी वाचलेलं. झोपलेल्या बायकोचंही पुन्हा वाचायला लावलं. ह्या वेळी हसले नाहीत. पण सगळं संपेपर्यंत उठले नाहीत.

१ फेब्रुवारी

काहीतरी झालंय त्यांना. तळ्याचं नाव काढत नाहीत. मी आपणहून म्हटलं, "मार्चमध्ये एकदा डॉक्टरीणबाईंनी बघितलं की..." तर नुसतं "हं." जेवण झाल्यावर ताट उचलायला गेले नाहीत, मी उचलीपर्यंत थांबले. असं कधी करत नाहीत.

दुपारी बाहेर निघालो. मी गुडघ्याचं म्हणायच्या आधीच त्यांनी हात पुढे केला. "धर."

४ फेब्रुवारी

टायर बसले. माणूस गाडी चालवत घेऊन आला. मी म्हटलं, दमानं आणलीस ना? म्हणाला, नवा टायर गुळगुळीत असतो काकू, सुरुवातीला जपूनच चालवायचा, जरा रस्ता घासला की मग धरायला लागतो.

हे आत होते. आवाज ऐकू गेला असणारच. बाहेर आले नाहीत. नवी नवरी दारात आणि नवरदेव आत बसून राहिलेला. मीच शेडची कडी लावली.

लेकीला कळवलं नाही.

६ फेब्रुवारी

संध्याकाळी शोधलं तर शेडमध्ये. गाडीपाशी, त्याच स्टुलावर. नव्या टायरवर रबराचे बारीक केस असतात, ते बोटांनी चाचपत होते. मी खाकरले.

न वळताच म्हणाले, "मला दुकानातच कळलं."

"काय?"

"लग्न झाल्यापासून ह्या घरात आलेली एक वस्तू सांग, जिच्याबद्दल तू विचारलं नाहीस — टिकेल किती."

मी चौकट धरून उभी राहिले. मग कसंबसं विचारलं, मग घेतलेत कशाला? तिथल्या तिथे नाही म्हणायचं होतं.

"तू रोज वाचत होतीस ना."

मग हात पुढे केला, हवेत, मी होते त्याच्या जरा बाजूला. मी सरकून त्या हाताखाली गेले. म्हणाले, "विकायची तेव्हा विकू. आधी चेन बदलायला झालीय. मोबाइल आण. कुठली जास्त टिकते ते वाच."

आणला. बसले. पण अक्षरंच दिसेनात मला.

"सावकाश वाच," म्हणाले. "मला कुठे जायचंय."