मे महिन्यातली शाल

२४ मे, रविवार, संध्याकाळ

मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णांसाठी माधवगंजात आधारगट सुरू झाला, आणि पहिल्याच सभेत काय, तर रुग्णांचा सत्कार! भर उन्हाळ्यात आईच्या खांद्यांवर लोकरीची शाल! उष्णतेने या आजारात पायांतले बळच जाते, एवढेही आयोजकांना ठाऊक नसावे?

अध्यक्षकाका म्हणाले, "वहिनी, फोटो होईपर्यंत उभ्या राहा, बस दो मिनट."

आईचे गुडघे थरथरू लागले. चारचौघांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. तरीही मंचावर गेले आणि शाल ओढून काढली.

रिक्षात म्हटले, "पुन्हा तिथे पाऊल ठेवायचे नाही."

"जायचं," आई म्हणाली. "माझ्यासारखीच एक भेटली तिथे, इतक्या वर्षांत पहिली. शाल काढायला तू आहेसच की."