मेळाव्याला डॉक्टर हजर होते

४ मार्च

चि. भुंगीस,
अनेक आशीर्वाद, आणि त्यातला एक कान पिळून.

मी काढते त्या, आमच्या मेडिकल कॉलेजच्या वार्तापत्राचा अंक तुझ्यापायी अडलाय. ‘कोण कुठे’ या सदरात साऱ्या जगाची खबर आली, फक्त माझ्या भाचीच्या घरची नाही. भूलतज्ज्ञ बाई निवृत्त होऊन गच्चीवर टोमॅटो लावतात. चौथ्या तुकडीतल्या हाडांच्या डॉक्टरला जुळं झालं. कोण कुठला ते बापालाच ओळखू येत नाही म्हणून एकाच्या पायाला दोरा बांधलाय म्हणे. आणि तुम्ही दोघं गप्प! जखमींवरचे उपचार शिकायला म्हणून त्या चर्चासत्राला गेलीस आणि गाठ मारायला शिकून आलीस, तेव्हापासून आत्याला विसरलीसच.

आता खरी बातमी. यंदाचा माजी विद्यार्थ्यांचा मेळावा सप्टेंबरात तुमच्याच शहरात! आमच्या पहिल्या तुकडीतला मुकादम आठवतो ना, ज्याच्या गोष्टी मी तुला सांगायचे? जेवणाच्या रांगेत कोणी कुठे उभं राहायचं ते हाच ठरवायचा, म्हणून मी ते नाव ठेवलं. आता तुमच्याकडच्या आरोग्य खात्यात मंत्र्याच्या खालोखाल त्याचाच शब्द चालतो. सभागृह, पाहुण्यांची सोय, सगळं त्याने अंगावर घेतलंय. पहिलं भाषण जावईबापूंनी करावं असा त्याचा आग्रह आहे. त्यांना म्हणावं, नखरे नकोत.

माझे गुडघे कुरकुरतात, पण माझ्यापेक्षा कमी. माया आहे हे तुला ठाऊक आहे. तुझी आहे का, हे दोन ओळींत तरी कळव.

तुझी आत्या

२१ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि. विशेष आहे, आणि तेच लिहवत नाहीये.

हे पत्र टपालाने टाकत नाही. तिकडे येणाऱ्या एका ओळखीच्या बाईंकडे देतेय. फोनवर यातलं काही बोलू नकोस. फारच वाटलं तर हवापाणी विचार.

डॉक्टरला, तुझ्या जावईबापूंना, पकडून नेलंय.

गोदीत कामगारांचा संप चालला होता, तिथे गोळीबार झाला. जखमी डॉक्टरच्याच हॉस्पिटलात आले. तो उभ्याउभ्या ऑपरेशनं करत राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी अधिकारी आले आणि म्हणाले, सगळ्यांना तुरुंगात हलवायचंय. डॉक्टर म्हणाला, पोटाचे टाके ओले आहेत, हलवलंत तर वाटेत मरतील. तो वॉर्डाच्या दारातच उभा राहिला. त्याच्या शेजारी वॉर्डातली सिस्टर. चणीने एवढीशी, पण जिभेने अशी की सगळे तिला लवंगी म्हणतात. दोघांनी दिवसभर दार अडवलं. तेवढ्या वेळात डॉक्टरच्या सांगण्यावरून लवंगीने माणसं लावली आणि ज्यांना चालता येत होतं त्यांना मागच्या जिन्याने घरी पोचवलं.

आठवड्याने दोघांनाही नेलं. लवंगीला वॉर्डातून, डॉक्टरला ऑपरेशन थिएटरबाहेरून, हिरव्या कपड्यांत. वॉर्डबॉय त्याचे बूट पिशवीत घालून मला घरी आणून देऊन गेला. तोवर मला काहीच माहीत नव्हतं. मी हॉस्पिटलच्याच दुसऱ्या इमारतीत, फिजिओथेरपीच्या खोलीत, एका म्हाताऱ्या गृहस्थांना पाऊल उचलायला शिकवत होते.

सगळी पोलीस ठाणी पालथी घातली. कोणी आहे म्हणत नाही, नाही म्हणत नाही. आत्या, तुझा मुकादम आठवला. त्याच्याशी बोल. आणि वार्तापत्रात यातलं अक्षर छापू नकोस; चिडून त्याला काही करतील.

बाबा असते तर त्यांना लिहिलं असतं. आता तूच. तुझा हात डोक्यावर असू दे.

भुंगी

९ एप्रिल

चि. भुंगीस,
आशीर्वाद. याहून जास्त काही हातात असतं तर तेही पाठवलं असतं. हे पत्रही त्याच बाईंबरोबर, आणि पुढचीही अशीच हातोहात.

मुकादमाशी बोलले. ‘मेळाव्याच्या तयारीचं विचारते’ असं म्हणून सुरुवात केली. त्याने लगेच ओळखलं. म्हणाला, तुझी भाची ती माझी भाची. डॉक्टर सुखरूप आहे, थोडा हट्टी आहे एवढंच. मी आतून खटपट करतोय, पण बाहेर गवगवा झाला तर खालचे अधिकारी अडून बसतील. वार्तापत्रात एक शब्द येऊ देऊ नकोस. फोन ठेवताना तुझ्या बाबांची आठवण काढून त्याचा गळा भरून आला. खरा की खोटा, ते मला इतक्या वर्षांनी सांगता येईना. बुडत्याला काडीचा आधार, म्हणून धरलाय.

अंक गेला. पहिल्या पानावर ‘पुढचे कार्यक्रम’, मेळाव्याचं आमंत्रण आणि मुकादमाचा हसरा फोटो. आमच्या तुकडीतला बॅटरी, तोच तो जाड भिंगांचा डोळ्यांचा डॉक्टर, त्याने लगेच फोन करून विचारलं की वक्त्यांत जावयाचं नाव का नाही. मी म्हटलं, त्यांना सवड नाही. खोटं बोलताना माझा आवाज बारीक होतो. त्याच्या ते लक्षात आलं असावं, कारण त्याने लगेच फोन ठेवला.

जेवत जा. एकटीपुरता कुठे स्वयंपाक करायचा, हे कारण मी माझ्यासाठी राखून ठेवलंय, तुला मिळणार नाही.

माझा जीव तिकडेच आहे. इकडे नुसती खुर्ची अडवून बसलेय.

आत्या

१२ जून

ती. आत्यास,
सा. न. वि. वि. डॉक्टर भेटला.

मध्ये जाड काच, दोन्ही बाजूंना फोन. तो खुर्चीत बसला आणि त्याने दोन्ही तळव्यांत धरून, भरलेली वाटी उचलावी तसा तो फोन उचलला. बोटं वळत नव्हती. आत्या, माझा धंदाच हाताचा आहे. कुठला स्नायू काय झालं म्हणजे असा निकामी होतो, ते मला पुस्तक न उघडता कळतं. तो मला म्हणाला, बघू नकोस. मी म्हटलं, बरं. आणि बघतच राहिले.

त्याला आत वार्तापत्राचा अंक दाखवला होता. चौकशी करणाऱ्याने पानं उलटून विचारलं म्हणे, की बघ, जगभरच्या तुझ्या मित्रांचं जुळं झालं, टोमॅटो झाले, मेळावाही ठरला, तुझं नाव कुठे आहे? हे सांगताना डॉक्टर हसला. मला हसता आलं नाही. तुला दोष देत नाही. छापू नकोस म्हणणारी मीच.

परवा मुकादम स्वतः घरी आला. चहा घेतला, पडद्यांचा रंग छान आहे म्हणाला. मग मुद्द्यावर आला. बाहेरच्या पाहुण्यांत कुजबुज सुरू झालीय. कोणी तरी जाड भिंगांचा म्हातारा सगळ्यांना विचारत सुटलाय. डॉक्टर मेळाव्यात व्यासपीठावर बसला आणि ‘तब्येतीमुळे मार्चच्या सुरुवातीपासून रजेवर होतो’ एवढं बोलला, तर त्याच दिवशी घरी. मी विचारलं, आणि लवंगी? तो म्हणाला, तिची फाईल वेगळी आहे.

डॉक्टर नाहीच म्हणेल. तो हो म्हणेल तर फक्त माझ्या रडण्यावर. मी रडू का? एवढंच विचारायचंय. पुढच्या भेटीआधी सांग.

भुंगी

२० जून

चि. भुंगीस,
आशीर्वाद, आणि सरळ उत्तर: रड.

शिर सलामत तर पगडी पचास. माणूस एकदा दाराबाहेर आला की मग मान-अपमान, खरं-खोटं, सगळ्याचा हिशेब करू. बॅटरी म्हणतो मेळाव्यावर बहिष्कार घालू. आमचं कडाक्याचं भांडण झालं. मी त्याला म्हटलं, तुझं कोणी आत नाही, तुला तत्त्वं परवडतात. तो एवढंच म्हणाला, की त्या सिस्टरचंही कोणी तरी बाहेर असेल.

त्या मुलीबद्दल तू लिहिलेलं मी वाचलं नाही असं नाही. पण आज माझ्याने एकच माणूस उचलवतोय.

मी मेळाव्याला येतेय. व्हिसाचा अर्ज टाकलाय. गुडघे हातात घेऊन येईन. आपल्या माणसाला आपण घरी आणू. बाकी सगळं दुय्यम.

आत्या

३ ऑक्टोबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि. तुझा अर्ज का नाकारला ते तुलाही ठाऊक आणि मलाही. आली नाहीस तेच बरं झालं, असं आता वाटतं.

मी रडले.  मग डॉक्टरने लवंगीचं विचारलं, मी नाही अशी मान हलवली, आणि तो म्हणाला, ठीक आहे.

सभागृह भरलं होतं. तुझ्या वार्तापत्रातली सगळी नावं मला तिथे चालती-बोलती भेटली. डॉक्टरला नवा सूट दिला होता. टेबलावर खालपर्यंत कापड, त्याखाली त्याचे हात. माइक मुकादमाने त्याच्या तोंडापुढे धरला, म्हातारपणी भाऊ भावाला पाणी पाजतो तसा. डॉक्टर बोलला. मार्चच्या सुरुवातीपासून रजेवर होतो, खात्याने काळजी घेतली. पाठ केल्यासारखा नाही, चांगला बोलला. टाळ्या पडल्या.

मग बॅटरी उठला. काठी टेकत व्यासपीठापाशी गेला आणि हात पुढे केला. डॉक्टरचे हात वर येईनात. बॅटरी तसाच उभा. सगळं सभागृह बघत होतं, आणि त्यात निम्मे तरी डॉक्टर, आत्या. काय बघतोय हे त्यांना कळत होतं. कोणी काही विचारलं नाही. मुकादमाने जेवणाची घोषणा केली आणि माणसं उठून रांगेत उभी राहिली. बॅटरी जेवला नाही.

त्याच संध्याकाळी डॉक्टर घरी आला. मार्चात जप्त केलेले आमचे पासपोर्टही परत देईन, असं मुकादम म्हणालाय. मी रोज त्याची बोटं चोळते. करंगळी जराशी वळते. हॉस्पिटलातलं कोणी फिरकत नाही. कोपऱ्यावरचं शिलाईचं दुकान लवंगीच्या आईचं आहे. मी समोरून गेले की ती मशीन थांबवते आणि मी पुढे जाईपर्यंत खाली बघत बसते. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

भुंगी

१९ ऑक्टोबर

चि. भुंगीस आणि जावईबापूंस,
दोघांना पोटभर आशीर्वाद.

पत्र वाचून झाल्यावर देवाला नाही, बॅटरीला फोन केला. 

अंकात मी एकच ओळ घातली: मेळाव्याला डॉक्टर हजर होते. पुढचं लिहायला घेतलं आणि तुमची खिडकी, तुमचं दार डोळ्यांपुढे आलं. आधी तिथून निघा. पासपोर्ट परत द्यायचं मुकादमाने कबूल केलंय ना? मग त्याचं मन फिरायच्या आत निघा. माझी मागची खोली रिकामी आहे. उजेड चांगला येतो, हातांच्या व्यायामाला मोठं टेबल आहे. जगलात तर सगळं सांगता येईल. तिथल्या कोणाचं काय झालं याचा विचार इथे बसून करू.

वाट बघतेय, आणि मला वाट बघता येत नाही हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे.

आत्या

२६ नोव्हेंबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि. आम्ही येत नाही. रागावू नकोस, आधी वाच.

पासपोर्ट आले होते. बॅगा भरल्या होत्या. तेवढ्यात लवंगीचा खटला उभा राहिला आणि पहिल्याच दिवशी सरकारी वकिलाने कोर्टात मेळाव्याचं रेकॉर्डिंग लावलं. डॉक्टरचाच आवाज: मार्चच्या सुरुवातीपासून रजेवर होतो. म्हणजे वॉर्डात त्या दिवशी वरिष्ठ कोणी नव्हतंच. हुकूम मोडला, जखमींना पळवलं, ते त्या पोरीने एकटीने, स्वतःच्या मनाने. आपल्याला वाटलं होतं मुकादमाला पाहुण्यांपुढे अब्रू राखायचीय. त्याला ते वाक्य हवं होतं.

डॉक्टरने वर्तमानपत्रात वाचलं. जेवण अर्धं टाकून उठला आणि म्हणाला, मी साक्ष देणार. मी भांडले. तुझं पत्र वाचून दाखवलं. मागच्या खोलीत उजेड चांगला येतो, तेही. तो म्हणाला, आत्याचं खरं आहे, पण मी रजेवर नव्हतो.  या वेळी मी रडले नाही, आत्या. रडले असते तर तो थांबला असता.

काल सकाळी मी त्याच्या शर्टाची बटणं लावली, बूट घातले, नाड्या बांधल्या. कोर्टात पाय ठेवला तेव्हा बाकं भरलेली होती. लवंगीच्या आईने मला पाहिलं आणि जरा सरकून जागा केली. 

डॉक्टरने सगळं सांगितलं. दार मी अडवलं, माणसं घरी पाठवायला मी सांगितलं, सिस्टरने माझा हुकूम पाळला. मग खोटं का बोललात, असं वकिलाने विचारलं. त्याने दोन्ही हात वर केले आणि म्हणाला, याच्यामुळे. लवंगी पिंजऱ्यातून ओरडली, की डॉक्टर, गप्प बसा, मला सुटायची घाई नाही. कोर्टात हसू फुटलं. न्यायाधीशांनी सुद्धा हसू लपवायला मान खाली घातली.

त्याला तिथूनच नेलं. जाताना हात हलवता आला नाही म्हणून त्याने मान हलवली. लवंगीवरचा ‘एकटीने केलं’ हा मोठा आरोप आज सकाळी काढून टाकला. बाकीच्या आरोपांची शिक्षा होईलच, पण तिचे वकील म्हणतात, केस पांढरे व्हायच्या आत बाहेर येईल. डॉक्टरचं काय, ते कोणी सांगत नाही.

आता छाप. सगळं छाप. माझं नाव, त्याचं नाव, मुकादमाचं त्याच्या हुद्द्यासकट. पण सर्वांत वर लवंगीचं खरं नाव घाल. ते वेगळ्या चिठ्ठीवर लिहून याच पाकिटात ठेवलंय. तिच्या आईने स्वतःच्या अक्षरात लिहून दिलंय. आज मी तिच्या दुकानात बसूनच हे पत्र लिहितेय. बाहेर अंधारून आलंय, ती दिवा लावतेय, आणि उद्या तुरुंगाच्या दाराशी दोघींनी मिळून जायचं ठरलंय.

तुला राग आला तर येऊ दे, पण माया आटू देऊ नकोस. इथे तेवढीच शिल्लक आहे.

तुझी भुंगी