आईनं घंटा का वाजवली

मूलें, नोव्हेंबर १६०५

प्रिय मार्सियाल,

यंदा इथे थंडी लवकर पडली. खाली सुऱ्यावाल्याची भट्टी दिवसभर पेटलेली असते, त्यामुळे आमच्या दोन खोल्यांची जमीन उबदार राहते. आई सगळ्यांना ऐटीत सांगते, की एवढी ऊब गावातल्या एकाही न्यायाधीशाच्या घरात नसेल. परवा ती बाजारातून बातमी घेऊन आली. दरवर्षी राजाकडे ठरलेली रक्कम भरली, की विकत घेतलेल्या सरकारी पदाला आता चाळीस दिवसांची अट लागत नाही म्हणे. माणूस कधीही गेला तरी पद घरातच राहतं. सलगम निवडता निवडता ती म्हणाली, "बरं झालं बाई. आता लोकांना निवांत मरता येईल." आणि हसली. मला मात्र हसू आलं नाही. मी तुझाच विचार करत होते.

पद मुलाच्या नावे करून दिल्यावर बापानं चाळीस दिवस जगायचं, नाहीतर ते राजाकडे परत जायचं, हा नियम तुला मी काय सांगणार! पण त्या हिवाळ्यात तू तुलूझला शिकत होतास, वाटा बर्फानं बंद होत्या, आणि तो नियम घरात राहायला आला म्हणजे काय होतं, ते तू पाहिलं नाहीस. आजोबांनी द्राक्षमळा आणि गिरणी विकून घेतलेलं ते न्यायाधीशपद. आपलं जे काही होतं, ते सगळं बाबांच्या त्या काळ्या झग्यात होतं. आजारी बाबांनी पद तुझ्या नावे करून सही केली आणि दुसऱ्या दिवसापासून जगायचं काम हाती घेतलं. हो, कामच. वैद्य फूर्नेल रक्त काढायला आले, की बाबा ओरडायचे, "आहे तेवढं राहू द्या, ते माझ्या मुलाचं आहे!" पेलेतिए रोज सकाळी तब्येत विचारायला यायचा. त्याच्या पुतण्याचा डोळा त्या पदावर होता, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. येताना तो बिहीच्या फळांची जेली आणायचा. बाबा त्याच्यादेखत वाटी चाटूनपुसून साफ करायचे आणि म्हणायचे, "तुझ्या बायकोच्या हाताला काय चव आहे रे! आज पुन्हा तरतरी आली बघ." तो गेला, की आम्ही तिघं पोट दुखेपर्यंत हसायचो. मार्सियाल, मरणाऱ्या माणसाच्या खोलीत इतकं हसू मी आधी कधी ऐकलं नव्हतं, नंतरही नाही.

आई त्यांना उशांच्या आधारानं बसवायची, चमच्यानं रस्सा भरवायची आणि झोप लागली तर दर थोड्या वेळानं छातीवर हात ठेवून बघायची. शेवटी शेवटी मात्र रस्साही उतरेना. चाळिसातले फक्त दोन दिवस उरले होते. त्या दुपारी फूर्नेलनी आईला खिडकीपाशी नेलं आणि हळूच म्हणाले, "हे बघा मादाम, आजची रात्र निघणं कठीण आहे. पण थंडी कडाक्याची आहे. खिडक्या उघड्या ठेवा, दार लावून घ्या. दोन दिवस मी येत-जात राहीन आणि बाहेर सांगेन, की झोपलेत. अहो, सगळेच करतात."

आणि आई तयार झाली. हे नीट वाच, मार्सियाल. आई तयार झाली होती. मोलकरणीला तिनं तिच्या गावी पाठवूनसुद्धा दिलं. पण बाबा जागे होते. "पेरीन," त्यांनी हाक मारली, "मला मिठात घालणार आहेस की काय? मिठावर राजाचा कर किती आहे, माहीत आहे ना? परवडायचं नाही तुला." आई हसली नाही. ती पलंगाशी गुडघे टेकून बसली आणि म्हणाली, "माझ्यासाठी काही मागत नाही हो मी. पोराचं काय होईल? त्याच्या हाती काय राहील?"

तेव्हा बाबांनी रोशारच्या विधवेचं नाव काढलं. तू फार लहान होतास. रोशार बाबांचाच सहकारी. त्याच्या बायकोनंही असंच त्याचं मरण लपवलं होतं, आणि ते उघडकीला आलं. निकाल द्यायला बाबाच बसले होते. "ती बाई माझ्यासमोर अशीच गुडघ्यांवर बसली होती," बाबा म्हणाले, "तीन पोरं मागे उभी होती. मी तिला म्हटलं, बाई, कायदा सगळ्यांना एकच. पद काढून घेतलं आणि घरी येऊन पोटभर जेवलो. आता तेच मी माझ्या घरात करू? मग मी त्या खुर्चीवर बसून एवढी वर्षं केलं तरी काय?" बराच वेळ ते नुसते धापा टाकत राहिले. मग म्हणाले, "जीव गेला की लगेच चर्चमध्ये मरणाची घंटा वाजवायला लाव. कबूल कर." आई म्हणाली, "आणि मार्सियालला काय सांगू?" बाबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. "मी सांगितलं असं सांगू नकोस. तो मला फार मानतो गं. तेवढं माझ्याजवळ राहू दे."

पहाटे ते गेले. आई शाल घेऊन बर्फातून चालत चर्चमध्ये गेली आणि घंटा वाजेपर्यंत तिथेच उभी राहिली. पद पेलेतिएच्या पुतण्याला मिळालं. घर गेलं, चांदीची भांडी गेली. तू पोचलास, तेव्हा लोकांनी भरलेल्या खोलीत तू ओरडलास, "दोन दिवस, आई! दोन दिवस गप्प बसवलं नाही तुला?" मी तोंड उघडणार, तेवढ्यात तिनं माझा हात इतका घट्ट दाबला, की बोटं पांढरी पडली. आणि तुला तिनं एवढंच विचारलं, "जेवलास का?"

तू जेवला नाहीस. त्याच पावली निघून गेलास. पुढे स्वतःच्या हिमतीवर पॅरिसात वकील झालास, आता न्यायाधीश होतो आहेस. तिकडून कोणी व्यापारी सुऱ्या घ्यायला आला, की आई काहीतरी निमित्त काढून खाली जाते आणि तुझी चौकशी करते. तू एका गरीब कोष्ट्याचा खटला फुकट लढवलास, हे तिनं सगळ्या गल्लीला ऐकवलं. मी म्हटलं, अगदी बाबांवर गेलाय. तेव्हा ती अशी उजळली, की मला दुसरीकडे बघावं लागलं. मी बाबांना मानतेच. पण आठ वर्षं तुझा राग त्यांच्याऐवजी स्वतःवर घेऊन ही बाई रोज हसत उठते. तिच्याइतकं मोठं माणूस मी पाहिलेलं नाही.

तुला यातलं काही न सांगण्याचा तिला दिलेला शब्द आज मी मोडला, कारण काल तुझ्या लग्नाचं निमंत्रण आलं. त्यावर माझं एकटीचं नाव आहे. आईनं ते दोनदा वाचलं, "छान झालं, मुलीचं घर चांगलं दिसतंय" म्हणाली, आणि पेटीतून स्वतःचा एकुलता एक चांगला झगा काढून बसली. तो उसवून तिला माझ्या मापाचा करायचाय, भावाच्या लग्नात मी चारचौघींत शोभून दिसावं म्हणून. मी एकटी येणार नाही, मार्सियाल. कात्री मी लपवून ठेवली आहे. ती सकाळपासून शोधते आहे. तेव्हा उत्तर लवकर पाठव.

तुझीच,
जिलेत